फितुराचे विमान

गेल्या वर्षी वसुबारसेला आमचे चिरंजीव सहकुटुंब पुण्याहून निघून, आंबा घाट उतरून, दिवेलागणीच्या सुमारास रत्नागिरीत दाखल झाले. गाडीतून प्रथम उतरले ते एक खोके. मग ते छातीशी धरलेले चिरंजीव, आणि त्यांच्या मागोमाग "बाबा, मी धरतो ना" असे विनवीत आमचा नातू. कपड्यांच्या पिशव्या आणि फराळाचे डबे सूनबाईंनी एकटीने उतरवले. 'नातवासाठी दिवाळीची भेट' असे खोक्याचे वर्णन मला सांगण्यात आले. परंतु कात्री सापडेना म्हणून ज्या इसमाने चिकटपट्टी दातांनी तोडली, तो नऊ वर्षांचा नव्हता, पंचेचाळीस वर्षांचा होता, एवढे मी नोंदवून ठेवतो.

या सदराचा नियम नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. वस्तू वर्षभर घरात नांदल्याखेरीज तिची पारख करायची नाही. पहिल्या आठवड्यात सगळेच जावई गुणी असतात. मिक्सरला हा नियम लावला, छत्रीला लावला, मग खेळण्याला का नको? म्हणून गेल्या दिवाळीचे खोके या दिवाळीच्या अंकाच्या वाट्याला आले आहे.

खोक्यातून निघाले ते एक लढाऊ विमान. वीतभर लांब, अंग राखी, वर तांबडे-निळे भाग, वैमानिकाच्या जागी नारिंगी काच, मागे दोन उभी शेपटे आणि पंखांवर एक जांभळे, रागीट तोंडाचे चिन्ह. आकार ओळखीचा वाटला. अमेरिकेचे एफ-१५ ईगल नावाचे विमान आहे, त्याने २७ जुलै १९७२ रोजी पहिले उड्डाण केले. त्याचीच ही छबी. आमच्या रत्नागिरीच्या विमानतळावर तटरक्षक दलाची विमाने येतात-जातात, त्यामुळे इथली पोरे आकाशाकडे पाहून विमानाची जात सांगण्यात तरबेज. शेजारच्या बंगल्यातला एक तज्ज्ञ कुंपणावरून डोकावून म्हणाला, "याला पंखे नाहीत, हे आपल्याकडचं नव्हे."

एवढेच असते तर शोकेसमध्ये ठेवून विषय मिटला असता. पण नातवाने ते हातात घेतले, कुठे ओढले, कुठे पिळले, मधूनच 'कट्' असा आवाज आला, आणि दोनेक मिनिटांत माझ्या चहाच्या कपाशेजारी एक यंत्रमानव कमरेवर हात ठेवून उभा राहिला. विमानाचे पंख त्याच्या पाठीवर, नारिंगी काच छातीवर, इंजिनांची तोंडे कानांशेजारी आणि शेपटाकडच्या भागाचे दोन पाय. "आजोबा, हा स्टारस्क्रीम," नातू म्हणाला. मी त्या नावाचे मनातल्या मनात मराठी करून पाहिले. 'ताराकिंचाळे.' आमच्या भागात हे आडनाव सहज खपून जाईल. आळीत कुणी चौकशीही करणार नाही.

आता या ताराकिंचाळ्यांचे कुळ-मूळ सांगतो, कारण त्यावाचून पारख पुरी होत नाही. हे मूळचे जपानी. टाकारा नावाच्या जपानी कंपनीने १९८० साली 'डायाक्लोन' या नावाने खेळण्यांची एक मालिका काढली. या मालिकेत पुढे मोटारीचा माणूस होऊ लागला, विमानाचा माणूस होऊ लागला. आत बसायला बोटाच्या पेराएवढा एक चालक मिळे. यंत्राला स्वभाव नव्हता. जे काही शौर्य असेल ते चालकाचे. अमेरिकेतल्या हॅसब्रो कंपनीने (ही मूळची हॅसनफेल्ड बंधूंची पेढी, १९२३ सालची) ही खेळणी १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' म्हणून तिकडे विकायला काढली, तेव्हा तिने एक धोरणी गोष्ट केली. चालकाला रजा दिली आणि यंत्रालाच मन दिले. मन लिहून देण्याचे काम मार्व्हल या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेकडे गेले, आणि तेथल्या बॉब बुडियान्स्की नावाच्या संपादकाने एकेकाला नाव दिले, गुण दिले, खोडी दिल्या. खोक्याच्या पाठीवर प्रत्येकाची गुणपत्रिका छापलेली असे: बळ किती, बुद्धी किती, धैर्य किती. पण ती नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नसे. सोबत तांबड्या पारदर्शक कागदाची एक पट्टी मिळे. ती वर धरली की खरे गुण दिसत. मला ही कल्पना फार आवडली. लग्न जमवताना पत्रिकेबरोबर अशी एक पट्टी मिळती तर पुष्कळांचे कल्याण झाले असते.

ताराकिंचाळ्यांना जी खोडी मिळाली ती अस्सल होती. दुष्टांच्या सेनेचा नायक मेगाट्रॉन, आणि हे त्याचे दुय्यम सेनापती. यांचे सारे आयुष्य एका ध्यासात गेले: वरिष्ठांची खुर्ची. लढाई चालू असताना यांचे एक लक्ष शत्रूकडे असते आणि दुसरे नायकाला गोळी कधी लागते याकडे. फसले की पाय धरतात, जमले की लगेच 'आजपासून मी नायक' अशी आरोळी ठोकतात. ज्यांनी चाळीस वर्षे सरकारी कचेरीत काढली आहेत त्यांना हे पात्र समजावून सांगावे लागणार नाही.

१९८६ साली या मंडळींचा एक चित्रपट निघाला. त्यात अखेर ही खुर्ची यांना मिळते. राज्याभिषेक चालू आहे, मुकुट डोक्यावर आहे, आणि मारून टाकलेला नायक नवे रूप घेऊन दारात उभा राहतो व एका फटक्यात यांची राख करतो. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की, त्याच चित्रपटात एका प्रचंड ग्रहभक्षक राक्षसाला ज्याने आवाज दिला तो ऑर्सन वेल्स. १९४१ साली 'सिटिझन केन' काढून जगाला बोट तोंडात घालायला लावणारा हाच तो. हे त्याचे शेवटच्या कामांपैकी एक. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच, १९८५ साली, तो वारला. कोठून निघालेला माणूस कोठे पोचतो!

राख झाली म्हणजे संपले असे मात्र नव्हे. पुढे हेच महाशय भूत होऊन परत आले, कारण प्रेक्षकांना ते हवे होते. हे वाचून मला नवल वाटले नाही, कारण आमच्याकडे हा माणूस आधीपासूनच आहे. शिमग्यात, नमन-खेळ्यांत, दक्षिणेकडे दशावतारात संकासुर येतो. अंगभर काळा वेष, चेहरा काळ्या मुखवट्यात झाकलेला, कमरेला घुंगरू. पुराणात तो वेद चोरणारा असुर. देवाने त्याला मारायचे हे ठरलेले. पण रंगणात तो उतरला की पोरे किंचाळत पळतात आणि दहा पावलांवर थांबून पुन्हा वळून बघतात. देवाची एंट्री होते तेव्हा मंडळी भक्तिभावाने हात जोडतात; हशा आणि शिट्ट्या मात्र संकासुराच्या वाट्याला. दर वर्षी मरतो, दर वर्षी येतो. अमेरिकन भूत यापेक्षा निराळे काय करते?

जुने पात्र नव्या काळात आणायचे म्हणजे काय करायचे, हा या खेळण्याच्या पारखीतला खरा प्रश्न. २००७ साली नटांसह काढलेला मोठा चित्रपट आला, तेव्हा ताराकिंचाळ्यांना एफ-२२ हे नवे विमान दिले आणि अंगाचा असा चिरफळ्यांचा ढीग केला की, तोंड कोणते आणि गुडघा कोणता हे कळू नये. त्याच्या आदल्याच वर्षी, २००६ साली, खेळण्यांच्या एका मालिकेने नेमकी उलट वाट धरली होती: रूप जुनेच ठेवायचे, तेच एफ-१५, तेच तांबडे-निळे रंग, तोच कुत्सित चेहरा, सुधारणा करायची ती सांध्यांत. आमच्या घरी आलेले विमान या दुसऱ्या वाटेवरचे, बऱ्याच नंतरच्या काळातले. माझे मत या दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे. संकासुराला सूट-बूट घालून उपयोग नाही. पण त्याचे घुंगरू नीट बांधले तर काय बिघडले?

आता प्रत्यक्ष गुणदोष. विमान म्हणून वरून पाहिले तर शंभरांपैकी ऐंशी गुण. नाकाची रेघ सरळ उतरते, पंखांचा कोन झोकदार आहे. उलटे करून पोटाकडून पाहिले तर मात्र दुमडलेले हात दिसतात; थंडीत घंगाळाशेजारी अंग आखडून बसलेला माणूसच जणू. या जातीच्या जवळजवळ सगळ्या विमानांत हा लपंडाव असतो, आणि हात कोठेतरी ठेवायला हवेत हे खरेच. नातवाला याचे काही वाटत नाही. "आजोबा, उडताना कोण खाली वाकून बघतं?" असे तो म्हणाला. खरे तर खालचीच माणसे बघतात, पण मी वाद घातला नाही.

माणूस म्हणून गुण अधिक. मान वळते, कोपर दुमडतो, गुडघा दुमडतो, कंबर फिरते. एक पाय पुढे टाकून, हात वर करून उभा केला तर पडत नाही. आमच्या शोकेसमधल्या नाचऱ्या बाहुलीची मान हलते तेवढ्यावर आम्ही आयुष्य काढले.

पण खरी मजा या दोन रूपांच्या मधली. ना धड विमान, ना धड माणूस, अशा अवस्थेत वीसेक घड्या आहेत. प्रत्येक घडीला एक बिजागरी किंवा उखळीचा सांधा, आणि प्रत्येक तुकड्याची शेवटी खाचेत बसणारी खुंटी. सोबतच्या कागदावर एक अक्षर नाही, सगळी चित्रे आणि बाण. बाण कोठून निघाला ते कळते, कोठे पोचला ते कळत नाही. मी पहिल्या दिवशी पाऊण तास खटपट केली आणि पाठीवर पाय असलेले काहीतरी तयार केले. सौ. स्वयंपाकघरातून येऊन म्हणाल्या, "मोदकाची पारी वळता येईना तेव्हाही तुमचं असंच झालं होतं." पुढे पावसाळ्यात, वीज गेलेली असताना, बोटांनी चाचपत मला ते प्रथम जमले. डोळे मिटले की बाण दिसत नाहीत हा फायदा.

किंमत चार आकडी आहे. हे पूर्वीही स्वस्त नव्हते, आता तर परदेशी खेळण्यांवरची मूळ जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ साली ७० टक्के झाली. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आय.एस.आय.चा शिक्काही सक्तीचा आहे. घेणाऱ्यांनी खोके फिरवून तो पाहावा, आणि रांगते मूल घरात असेल तर हातातल्या सुट्या बंदुका उंच फळीवर ठेवाव्यात. आमच्याकडे भाचीचे तान्हे मूल मे महिन्यात आले होते, तेव्हा ताराकिंचाळे पंधरा दिवस निःशस्त्र होते.

एवढ्या पैशांत सावंतवाडीची किती खेळणी आली असती याचा हिशेब सौ.नी लगेच मांडला. सावंतवाडी १ मे १९८१ पर्यंत आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती. सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि लाकडी खेळणी जिल्ह्याबाहेर गेली, याची रुखरुख आमच्या पिढीला अजून आहे. तेथल्या चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची केळी, आंबे, सीताफळे अशी रंगवतात की माशीने फसावे. मी लहानपणी अशा एका लाकडी आंब्याला दात लावला आहे. ती खेळणी रूप बदलत नाहीत, हे खरे. पण रूप बदलणाऱ्या खेळण्यांची आम्हाला अगदीच ओळख नव्हती असेही नाही. वहीचा कागद चौकोनी फाडून घातलेल्या त्याच घड्यांतून होडी निघे, दुहेरी होडी निघे, शेवटी कॅमेरा निघे आणि त्याचे 'खटक्' असे बटण दाबून सगळ्या वर्गाचे फोटो काढले जात. पुण्याला 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी अशाच टाकाऊ कागद-काड्यांतून हजारो मुलांना विज्ञान शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे एक कागदी कडे आहे, फ्लेक्सागॉन म्हणतात त्याला. आतून बाहेर फिरवत गेले की एकामागून एक चार चित्रे येतात. नातवाला मी ते करून दिले. त्याने ते ताराकिंचाळ्यांच्या हातात ढाल म्हणून दिले.

आता जे लिहायचे आहे ते लिहिण्याचे मी दोन आठवडे टाळले. पण जुन्या खेळण्याशी तुलना केल्याखेरीज नव्याची पारख होत नाही, आणि जुने खेळणे मी आयुष्यात एकदाच हातात धरले आहे.

१९८९ सालची दिवाळीची सुट्टी. चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे, म्हणजे नुसता 'बाळ्या'. परदेशी कंपनीच्या भागीदारीत निघालेल्या फनस्कूलची खेळणी तेव्हा आपल्याकडे नुकतीच दिसू लागली होती. १९८७ साली एम.आर.एफ. आणि हॅसब्रो यांनी मिळून ती कंपनी काढली, तिचा कारखाना आमच्या शेजारी गोव्यात आहे. पण रत्नागिरीत परदेशी वस्तू यायची ती मुख्यतः दुबईहून, सुट्टीवर येणाऱ्यांच्या बॅगेतून. आमच्या शेजाऱ्यांचे मेहुणे असेच आले आणि भाच्यासाठी विमानाचा माणूस घेऊन आले. आळीतली पोरे रांग लावून ते बघून गेली. बाळ्याने ते एका तासाच्या बोलीवर मागून आणले.

मी कचेरीतून घरी आलो. पडवीत बाळ्या बसलेला, एका हातात ते विमान-माणूस, दुसऱ्या हातात त्याचा उपटलेला पंख. दुसरा पंख जमिनीवर, एक मूठ जमिनीवर, आणि दुसरी मूठ कोठेच नाही. परक्याची वस्तू, परदेशची, माझ्या पगाराच्या हिशेबात न बसणारी. मी विचारलेही नाही. दोन थोबाडीत ठेवून दिल्या, तुकडे रुमालात बांधले आणि त्याला हाताला धरून शेजारी नेले. रुमाल जड लागला होता हे मला आजही आठवते. त्या जुन्या खेळण्यांत काही भाग धातूचे असत. शेजाऱ्यांचा मुलगा "काका, ते..." असे काही म्हणू लागला, तर मी त्यालाही "तू मध्ये बोलू नकोस" म्हणून गप्प केले. बाळ्याने माफी मागितली. मी पन्नास रुपये पुढे केले, शेजाऱ्यांनी घेतले नाहीत. घरी आल्यावर बाळ्या जेवला नाही. दुसऱ्या दिवशी चकल्या झाल्या आणि मी ते विसरलो.

गेल्या वर्षी, वसुबारसेच्या त्या रात्री, चिरंजीव नातवाला नवे विमान समजावून सांगत होते आणि मी पेपर वाचल्यासारखे करीत होतो. "जुन्यात ना, पंख काढून बाजूला ठेवायला लागायचे," ते म्हणाले. "मुठीपण सुट्या. माणूस करायचा झाला की मुठी बसवायच्या, विमान करायचं झालं की काढायच्या. म्हणून तर हरवायच्या सगळ्यांच्या. ह्यात बघ, सगळं जागच्या जागी दुमडतं. काही काढायलाच लागत नाही. ही सगळ्यात मोठी सुधारणा."

मी पेपर खाली केला. "काढायला लागायचे?" मी विचारले.

"हो," चिरंजीव माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तसंच होतं ते मुळातच."

दारात रांगोळीतली पणती फडफडत होती. नातवाने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा त्याच्या बापाकडे. छत्तीस वर्षांपूर्वीचा रुमाल मला हातात जड लागला. मोडलेले काहीच नव्हते. पोरगे सूचनांच्या कागदाबरहुकूम काम करीत होते. आणि शेजारचा मुलगा मला तेच सांगायला तोंड उघडत होता.

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो होतो, अप्पा." एवढेच. रागाने नव्हे. मग थोडे थांबून, "पण मूठ मात्र माझ्याच हातून हरवली होती. ती खरी. पडवीच्या चिऱ्याच्या फटीत गेली असणार. मी मॅट्रिकपर्यंत काडी घालून शोधत होतो."

त्यांची आई स्वयंपाकघरातून आली होती आणि उंबऱ्यात उभी होती. वडील माणसाने मुलाची माफी कशी मागायची हे आम्हाला कुणी शिकवलेले नाही. आमच्या वडिलांनी ती कधी मागितली नाही, त्यांच्या वडिलांनी तर नाहीच. मी उठलो, त्या दोघांच्या शेजारी जमिनीवर बसलो (बसायला जरा वेळ लागला) आणि विमान हातात घेतले. म्हटले, "मी तुला उगाच मारलं रे तेव्हा."

चिरंजीवांनी माझ्या हातातल्या यंत्राकडे बघितले. "अप्पा, पंखांना हात लावू नका अजून," ते म्हणाले. "आधी पाय. पाय दुमडले की मग पंख आपोआप जागा धरतात." आणि माझी बोटे धरून त्यांनी ती बिजागरी दाखवली.

तेव्हा गुणपत्रिकेत ही ओळ घालावी: नव्या खेळण्यात सुटे भाग जवळजवळ नाहीत, हरवण्यासारखे थोडे. बंदुका तेवढ्या सुट्या. वर्षभरात एक खुंटी सैल झाली, ती माझ्या हाताने, चुकीच्या दिशेने पिळल्यामुळे. खुंटीवर पातळ चिकटपट्टीचा वेढा दिला, तेवढ्याने काम भागले. राखी रंगावर आमच्या घरातले नारळाच्या तेलाचे हात लवकर दिसतात, ओल्या फडक्याने जातात. धातूच्या वजनाची मजा नव्यात नाही. हे मी जुन्याची बढाई म्हणून सांगत नाही. ते वजन मला ज्या प्रसंगी कळले तो प्रसंग मी वर सांगितला आहे. घ्यावे का, असे विचाराल तर ज्याच्या घरी आठ-नऊ वर्षांचे मूल आहे आणि ज्याला किंमत परवडते त्याने घ्यावे. ज्याच्या घरी पंचेचाळीस वर्षांचे मूल आहे त्यानेही घ्यावे. पण मुलाच्या नावाखाली घेऊन शोकेसच्या काचेआड कुलपात ठेवणारे काही बाप मला ठाऊक आहेत. त्यांनी सावंतवाडीचा आंबा घ्यावा, तो काचेआड शोभतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला बांधायला घेतला. परसातली तांबडी माती, दोन चिरे, गोणपाट, हळीव पेरलेले उतार, गेल्या वर्षीचे मातीचे मावळे आणि सिंहासनावर महाराज. चिरंजीवांची सूचना अशी की, विमान बुरुजावर ठेवावे, शोभा येईल. सौ.ना ते पसंत नव्हते; महाराजांच्या काळात विमान कोठले, असा त्यांचा मुद्दा. मी मध्यस्थी करून म्हटले, माणूस करून दरवाजावर पहारेकरी म्हणून उभा करू.

नातवाने आमच्या तिघांकडे अशा नजरेने पाहिले की, मोठ्यांना काहीच कसे कळत नाही.

"आजोबा, तो फितूर आहे," तो म्हणाला. "त्याला दरवाजावर ठेवलं तर तो रात्री दरवाजा उघडणार."

याच्यावर कोणाकडे उत्तर नव्हते. मग बराच खल होऊन ताराकिंचाळ्यांना किल्ल्याबाहेर, तुळशीच्या कट्ट्याजवळ, खंदकापलीकडे उभे करण्यात आले. त्यांच्या दोन्ही बाजूंना भालदार मावळे, बंदुका काढून घेतलेल्या, तोंड किल्ल्याकडे. नरक चतुर्दशीच्या पहाटे मी उटणे लावायला उठलो तेव्हा अंगणात अंधार होता. पणतीच्या उजेडात पाहिले तर महाशय खंदक ओलांडून दरवाजापर्यंत पोचलेले, आणि एक मावळा आडवा पडलेला. आत येऊन पाहिले तर नातू गाढ झोपेत. चिरंजीवांच्या पायांना मात्र तांबडी माती लागलेली होती.